एपिडॉरस : मरणाला मज्जाव असलेलं देवस्थान

आमच्या बी.ए.च्या पुस्तकात ग्रीस म्हणजे अथेन्स, स्पार्टा, पेरिक्लिस आणि त्यांच्या लढाया. पुढे शाळेत मीही तेवढंच शिकवलं, कारण परीक्षेला तेवढंच येत असे. ही माणसं आजारी पडली की काय करत, हे ना आम्हाला कुणी सांगितलं, ना कुणा विद्यार्थ्याने विचारलं. निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली तेव्हा एपिडॉरस हे नाव समोर आलं, आणि तेव्हापासून ते काही डोक्यातून जात नाही. मागे एकदोनदा ओझरता उल्लेख केला होता, आज जरा सविस्तर लिहिते.

ग्रीसच्या दक्षिणेला पेलोपोनीज नावाचं मोठं द्वीपकल्प आहे. त्याच्या ईशान्य भागात समुद्रकाठी एपिडॉरस नगर होतं, आणि नगरापासून आठ-नऊ किलोमीटर आत, डोंगरांच्या कुशीत, अस्क्लेपिओस या वैद्यदेवाचं ठाणं. हा अपोलोचा मुलगा. तिथले लोक सांगत की आईने त्याला जन्मतःच डोंगरावर टाकून दिलं, एका शेळीने त्याला दूध पाजलं आणि धनगराच्या कुत्र्याने राखण केली. मोठा होऊन तो असा वैद्य झाला की मेलेल्यांनाही उठवू लागला, तेव्हा झ्यूसने वज्र टाकून त्यालाच ठार केलं. मरण मागे फिरवण्याची शिक्षा मरण! हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

इ.स.पू. चौथ्या शतकात या ठाण्याची खरी भरभराट झाली. मंदिर, स्नानगृहं, धावण्याच्या शर्यतींचं मैदान, १६० खोल्यांची धर्मशाळा. एक गोल इमारतही होती, तिच्या जमिनीखाली चक्रव्यूहासारख्या भिंती आहेत. त्या कशासाठी, यावर विद्वान अजून भांडताहेत. आजारी माणूस लांबून यायचा, स्नान करायचा, देवाला नैवेद्य दाखवायचा आणि रात्री 'आबाटोन' नावाच्या लांबलचक पडवीत झोपायचा. औषध म्हणजे ती झोपच. स्वप्नात देव येऊन बरं करी किंवा उपाय सांगे. आवारात देवाचे साप आणि कुत्रे मोकळे फिरत. (आमच्या पुतणीला हे सांगितलं तर म्हणाली, "काकू, मला तर झोपच लागली नसती!" ती मात्र तिथे जाऊन आली आहे. माझे गुडघे आता परदेशाचं नाव काढू देत नाहीत.)

बरे झालेल्यांच्या हकिकती दगडी पाट्यांवर कोरून ठेवल्या होत्या. इ.स. दुसऱ्या शतकात पॉसेनियस नावाचा प्रवासी तिथे आला तेव्हा अशा सहा पाट्या शिल्लक होत्या. कावादियास या ग्रीक संशोधकाने १८८१ पासून उत्खनन केलं, त्यात काही सापडल्या. आज सत्तरेक हकिकती वाचता येतात, आणि त्या भारी गोड आहेत. युफानेस नावाच्या मुलाला मूतखडा झालेला. देव स्वप्नात विचारतो, तुला बरं केलं तर मला काय देशील? पोरगं म्हणतं, दहा सागरगोटे. (त्यांचे सागरगोटे हाडांचे असत.) देव हसतो आणि बरं करतो. अथेन्सची अँब्रोसिया एका डोळ्याने आंधळी. ती या पाट्या वाचून चक्क हसली होती. देवाने तिला डोळा दिला, पण अडाणीपणाची आठवण म्हणून देवळात चांदीचं डुक्कर वाहायला लावलं. एका हमालाच्या हातून पडून मालकाचा पेला फुटला, तर देवाने पेलाही सांधून दिला.

पुढच्या काळात देव जरा डॉक्टरी वळणावर गेला असावा. दुसऱ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या कारियाहून आपेलास नावाचा बडा गृहस्थ आला. सतत आजारी, पोट कायम बिघडलेलं. त्याला बोटीवर असतानाच देवाची आज्ञा झाली की एवढी चिडचिड करू नकोस. मग पाव आणि चीज खा, पालेभाजी खा, धाव, अनवाणी चाल, अंगाला चिखल लाव, दूध मध घालून पी. स्नान नोकराच्या मदतीशिवाय कर, पण त्या नोकराला एक द्राख्मा दे! हा शेवटचा उपाय मला सगळ्यात आवडला.

पण शाळेत आयुष्य गेलेल्या बाईला एक खोड असते. निकालाच्या फलकावर फक्त उत्तीर्णांची नावं असतात, हे तिला ठाऊक असतं. सत्तर माणसं बरी झाली, ठीक. जी झाली नाहीत ती कुठे गेली?

याचं उत्तर पॉसेनियसच देतो. या देवस्थानाच्या सीमेच्या आत कुणी मरायचं नाही आणि कुणी बाळंत व्हायचं नाही, असा नियम होता. दोन्हींचा विटाळ. पाट्यांवरची अगदी पहिली हकिकत आता पुन्हा वाचा. क्लेओ नावाची बाई पाच वर्षं गरोदर होती, ती तिथे झोपली आणि तिला मुलगा झाला. मुलाने जन्मताच झऱ्यावर स्वतः अंघोळ केली आणि आईबरोबर चालू लागला. चमत्कारामुळे सगळ्यांचं लक्ष त्या मुलाकडे जातं. पण कोरणाऱ्याने एक गोष्ट न विसरता नोंदली आहे. ती बाळंत झाली ती आबाटोनमधून निघून पवित्र जागेच्या बाहेर पडल्यावर. चमत्कारालाही नियम पाळावा लागला.

ज्यांच्यासाठी चमत्कार झाला नाही ते उघड्यावर. ऊन, पाऊस, झाडाखाली शेवटचे श्वास. बरं होण्याच्या आशेने आलेला, आणि आता सीमेबाहेर नेलेला. आपल्याकडे मरायला म्हणून काशीला जात, इथे नेमकं उलटं. तरी त्या पुजाऱ्यांवर मी फार रागावू शकत नाही. आमच्या माईच्या वेळी एका मोठ्या रुग्णालयात आम्हाला सांगितलं होतं, "आता घरी घेऊन जा." शब्द सौम्य होते. बाहेर रिक्षा मिळायला पाऊण तास लागला, तेवढा वेळ माई दाराशी बाकावर बसून होती. असो.

या ठाण्याचे पुढचे हाल थोडक्यात सांगते. इ.स.पू. ८६ मध्ये रोमन सेनापती सुल्ला याने तिथली संपत्ती लुटली. नंतर रोमनांच्याच काळात पुन्हा बरे दिवस आले. ख्रिस्ती धर्म आल्यावर आवारात बॅसिलिका उभी राहिली, आणि सहाव्या शतकातल्या भूकंपांनी उरलंसुरलं पाडलं. डोंगर उतारावरचं ५५ ओळींचं नाट्यगृह मात्र मातीखाली शाबूत राहिलं. १९५५ पासून दर उन्हाळ्यात तिथे नाट्यमहोत्सव होतो. मध्यभागी नाणं टाकलं तर शेवटच्या ओळीत ऐकू येतं, असं गाईड हमखास सांगतात. २०१७ साली डच संशोधकांनी मोजमाप करून सांगितलं की आवाज पोचतो, पण तो नाण्याचा आहे हे मागे ओळखू येत नाही. पुतणीने काढलेल्या फोटोंत नाट्यगृहाचे चाळीस आणि आबाटोनचे दोन आहेत. त्या दोनांत भिंतींचे पाये आणि अलीकडे पुन्हा उभारलेले थोडे खांब दिसतात.

पॉसेनियसच्या काळात अँटोनिनस नावाच्या रोमन सिनेटरने तिथे बरंच बांधकाम केलं, देवांची मंदिरं, स्नानगृह वगैरे. शिवाय एक घर बांधलं, बाळंतिणींसाठी आणि मरणाऱ्यांसाठी. देवस्थान सुरू होऊन तेव्हा सहाशेहून जास्त वर्षं झाली होती. आता तिथे पाप न लागता माणसाला मरता येतं आणि बाईला बाळंत होता येतं, एवढं पॉसेनियस नोंदवतो, आणि पुढच्याच ओळीत वरच्या डोंगरांची नावं सांगू लागतो.