बैल, माकड आणि जपानी कढई

जयपुरात जपानी पद्धतीने बीफ आणि भाज्या परतायच्या म्हटलं की घोडं खाटकापाशीच अडतं. राजस्थानात १९९५च्या कायद्याने गोवंशहत्येला बंदी आहे. ते मांस बाळगणंही गुन्हा. मग मांडीचं बिनहाडाचं मटण घ्या, कोंबडी घ्या, नाहीतर टोफू. हे काही अस्सल नव्हे, असं म्हणून कुणी नाक मुरडेल. माझं म्हणणं उलट आहे. बैलाला हात न लावणं हीच जपानची जुनी रीत, आणि तिचं मूळ आपल्याकडचं.

ठाऊक असलेला भाग उरकून टाकतो. झटपट परतण्याचं तंत्र चीनचं, सोया सॉसचं मूळही तिथलंच. गोमांस जपानी ताटात राजरोस आलं ते १८७२मध्ये मेजी सम्राटाने ते खाल्ल्याची वार्ता पसरल्यावर. म्हणजे गेल्या दीडशे वर्षांतली गोष्ट.

खरी गंमत त्याआधीची. इ.स. ६७५मध्ये तेम्मू सम्राटाने फर्मान काढलं: गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खायची नाही. मुदत चौथ्या महिन्यापासून नवव्यापर्यंत. शिकारीच्या सापळ्यांवर आणि मासे धरायच्या बांधांवरही निर्बंध. हरीण, रानडुक्कर मात्र खुशाल खा.

एक पक्ष म्हणतो, यात धर्म कमी आणि शेती जास्त. मुदत भातशेतीच्या हंगामाची, बैल नांगराचा. मुद्दा बिनतोड वाटतो. कुत्रा राखण करतो, कोंबडा पहाटे उठवतो, इथवर ओढूनताणून जमतंही. पण माकड कुणाच्या शेतात राबतं?

ती यादी वाचली आणि मला अशोक आठवला. राज्याभिषेकाला २६ वर्षं झाल्यावरच्या त्याच्या पाचव्या स्तंभलेखाची घडण अशीच आहे. सरसकट बंदी नाही. पोपट, मैना, वटवाघूळ अशी नावनिशीवार यादी, ठरावीक तिथी, आणि त्या दिवशी मासळी मारायची नाही की विकायची नाही.

यावर आक्षेप ठरलेला: तेम्मूच्या काळात हा लेख वाचणार कोण? त्याची ब्राह्मी लिपी पुढे विसरली गेली, ती उलगडली १८३७मध्ये जेम्स प्रिन्सेपने. कबूल. पण लेख गेला नसला तरी रिवाज जाऊ शकतो. उपोसथाला, म्हणजे बौद्धांच्या व्रताच्या दिवशी, जीवहत्या टाळायची चाल भिक्षूंबरोबर चीनमध्ये गेली. तांग सम्राट गाओझूने ६१९मध्ये वर्षाचे पहिला, पाचवा आणि नववा हे महिने कत्तलीला बंद केले. पुढे ५६ वर्षांनी तेम्मूचं फर्मान निघालं. माझ्या हिशेबी मधला दुवा हाच.

आणि जयपूर? शहराच्या उत्तरेला बैराटच्या बीजक डोंगरीवर बौद्ध चैत्याचे अवशेष आहेत. अशोकाने थेट भिक्षुसंघाला उद्देशून कोरवलेला लेख याच परिसरातला. तो आता कोलकात्याला आहे. दिल्ली महामार्गाने पुढे गेलं की नीमराणा, तिथे जपानी कारखान्यांची वसाहत.

तेव्हा मटण बिनधास्त घ्यावं. अर्धवट गोठवून धाग्यांना आडवं, कागदासारखं पातळ कापावं. आलं, सोया सॉस, चिमूटभर साखर चोळून मुरवावं. कढईतून धूर निघू लागला की मूठ-मूठ टाकून रंग बदलताच काढून घ्यावं. मग गाजर, ढोबळी मिरची, कोबी; शेवटी मांस परत आत. मीठ चाखूनच, कारण सोया सॉस खारट असतो.

कोंबडी घालणाऱ्यांनी मात्र महिना बघावा. तेम्मूच्या यादीत ती आहे, बकरा नाही.