वॉशर ओला हवा

माझे आजोबा मिरजेत स्टोव्ह दुरुस्त करायचे. त्यांच्यापुढे गोणपाटावर सुटे भाग ओळीनं मांडलेले असत: बर्नर, निपल, पिन, पंपाचा दांडा आणि त्याच्या टोकाला वाटीसारखा चामड्याचा वॉशर. ‘हवा धरत नाही’ म्हणून आलेल्या बहुतेक स्टोव्हांचं दुखणं त्या वाटीतच असायचं. वॉशर सुकून आकसला की कितीही पंप मारा, टाकीत दाब साठत नाही. आजोबा तो गोडेतेलात भिजवायचे, बोटांनी कडा फुलवायचे आणि म्हणायचे, “वॉशर ओला हवा, बाळ. मग स्टोव्ह ऐकतो.”

मी टोकियोत प्लास्टिकच्या साच्यांचं डिझाइन करते. काही वर्षांपूर्वी एका सहकाऱ्यानं गॅस गळतो म्हणून अडगळीत टाकलेलं एअरसॉफ्ट पिस्तूल मला दिलं. ६ मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या गोळ्या उडवणारं, खऱ्या पिस्तुलाच्या मापाचं खेळणं. मी मॅगझिन उघडलं आणि आत सुकलेली रबराची कडी सापडली. मला मिरजेचं गोणपाट आठवलं. त्यानंतर अशी कितीतरी पिस्तुलं मी उघडली, जोडली. ती ज्या क्रमानं सुटतात, त्याच क्रमानं त्यांचा इतिहासही हाती येतो.

उघडण्याआधी मॅगझिन बाजूला काढायचं आणि नळीत गोळी राहिली नाही ना, हे पाहायचं. चष्मा डोळ्यांवर हवाच. मग स्लाइड थोडी मागे ओढून खाच जुळवायची, स्लाइड स्टॉपची खीळ काढायची, की वरचा सगळा भाग पुढे सरकून हातात येतो.

ही स्लाइड हलकी लागते, कारण ती एबीएस प्लास्टिकची असते. त्यामागे कायदा आहे. १९६० च्या दशकात टोकियोत ‘मॉडेलगन’चा छंद रुजला. गोळी न उडवणाऱ्या, पण आतून-बाहेरून खऱ्यासारख्या धातूच्या प्रतिकृती. एमजीसी ही त्यातली अग्रणी कंपनी. १९७० मध्ये ‘योदो’ या विमानाचं अपहरण झालं आणि अपहरणकर्त्यांची शस्त्रं नकली होती, हे पुढे उघड झालं. १९७१ च्या कायदादुरुस्तीनं धातूच्या नकली पिस्तुलांची नळी बुजवणं आणि ती पांढरी किंवा पिवळी रंगवणं सक्तीचं केलं. १९७७ मध्ये नियम आणखी कडक झाले. कायद्याचा रोख धातूवर होता, म्हणून कारागीर प्लास्टिककडे वळले. माझ्या हातातली काळी स्लाइड त्या वळणावर जन्मली. तिच्यावरच्या बारीक रेघा, धारदार कडा आणि अक्षरं पाहिली की मला तिच्यामागचा साचा दिसतो. इतकं नेमकं काम करणाऱ्या साचेकाराचा मला मनापासून आदर वाटतो.

स्लाइडमधून आतली नळी निघते. पितळी, आतून आरशासारखी. गोळीचा व्यास सुमारे ५.९५ मिलिमीटर, नळीचा ६.०८ च्या आसपास. नळीच्या मागच्या टोकाला रबराची छोटी बाही असते आणि तिच्या वरच्या बाजूला आत डोकावणारा उंचवटा. गोळी त्याला घासून जाताना उलटी फिरू लागते. ती फिरकी तिला हवेत उचलून धरते आणि गोळी लांबवर सरळ जाते. याला ‘हॉप-अप’ म्हणतात. ताकद न वाढवता पल्ला वाढवण्याची ही जपानी युक्ती. त्या बाहीला तेल अजिबात चालत नाही. तेलाचा ओशट हात लागला की फिरकी बिघडते आणि गोळी कुठेही जाते. म्हणून सळईवर कोरडं फडकं गुंडाळून नळी पुसायची आणि सळई बाहीजवळून हलकेच फिरवत बाहेर काढायची.

मग येतो या यंत्राचा जीव, नोझल. १९८० च्या दशकात एमजीसीची बेरेटा ९३आर खूप गाजली. तिच्यात चाप ओढला की गॅस सुटून गोळी उडे, पण स्लाइड जागची हलत नसे. १९९० च्या दशकात वेस्टर्न आर्म्स या कंपनीनं ‘मॅग्ना ब्लोबॅक’ आणलं आणि स्लाइड जोरानं मागे जाऊ लागली. आजच्या पिस्तुलात हातोडी एका छोट्या दट्ट्यावर आदळते, दट्ट्या मॅगझिनची झडप उघडी धरतो आणि गॅस नोझलमध्ये शिरतो. नोझलमध्ये स्प्रिंगवर तरंगणारी चिमुकली झडप असते. गॅस आधी गोळीकडे जातो. गोळी निघाली की ही झडप पुढची वाट बंद करते आणि उरलेला गॅस मागच्या वाटीला ढकलतो. स्लाइड मागे जाते, हातोडी पुन्हा चढते, झडप मिटते. परत येताना नोझल पुढची गोळी ढकलत नेतं. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत.

ती मागची वाटी रबराची, पण आकार आजोबांच्या वॉशरचाच. दाब आला की कडा फुलून भिंतीला चिकटते. कोरडी पडली की स्लाइड अर्ध्यातून परतते. तिला सिलिकॉनचं तेल, एवढंच. सुरुवातीला मी घरातलं यंत्राचं तेल घातलं होतं. आठवड्याभरात रबर फुगलं आणि नोझल अडकलं. खनिज तेल प्रत्येक रबराला मानवत नाही, हा धडा मी तो भाग बदलून शिकले.

शेवटी मॅगझिन. इथे इतिहास पृथ्वीएवढा मोठा होतो. सुरुवातीच्या पिस्तुलांत भरायचे तो गॅस फ्रिजमधला, सीएफसी-१२. १९८७ च्या माँट्रियल करारानं ओझोनच्या थरासाठी त्याला निरोप दिला आणि जपाननं १९९५ अखेर त्याचं उत्पादन थांबवलं. त्याच्या जागी एचएफसी-१३४ए आला. २० अंशांना त्याचा दाब वातावरणाच्या पावणेसहा पट असतो, १० अंशांना जेमतेम चारपट. म्हणून जानेवारीच्या थंडीत हीच पिस्तुलं सुस्तावतात. शिवाय सलग गोळ्या झाडल्या की आतला द्रव वायू होताना मॅगझिनचीच उष्णता शोषून घेतो. मॅगझिन गार पडतं आणि दाब आणखी उतरतो.

तैवान आणि हाँगकाँगच्या छांदिष्टांनी दुसरी वाट धरली. ते प्रोपेनचा ‘ग्रीन गॅस’ वापरतात. त्याचा दाब २० अंशांना आठपटीच्या पुढे. जपानी प्लास्टिकची स्लाइड त्या माराला तडकते, म्हणून तैवानच्या गार्डरसारख्या कंपन्या टोकियो मारुई या जपानी कंपनीच्या पिस्तुलांसाठी अॅल्युमिनियमच्या स्लाइड बनवतात. जपानमध्ये धातूची ही वाट बंद आहे.

आणखी एक दार २००६ मध्ये लागलं. आदल्या वर्षी जोरदार एअरगननं रस्त्यावरच्या गाड्यांवर गोळ्या झाडल्याच्या घटनांनी देश हादरला होता. नव्या कायद्यानं ६ मिलिमीटरच्या गोळीची ऊर्जा ०.९८ ज्यूलच्या आसपास बांधून टाकली. ०.२ ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण ९९ मीटर, त्यापुढे नाही. त्याहून जोरदार साधनं सहा महिन्यांत दुरुस्त करा नाहीतर मोडीत काढा, असा आदेश निघाला. आज इथल्या मैदानांवर खेळाआधी प्रत्येकाचा वेग यंत्रावर मोजतात.

मग इथे ‘अपग्रेड’ म्हणजे काय? उएनोजवळच्या एका दुकानातल्या म्हाताऱ्या मालकांनी मला ते शिकवलं. ओसाकाच्या लेलॅक्स कंपनीची ६.०३ मिलिमीटरची नळी, मऊ हॉप रबर, थंडीसाठी हलकी स्प्रिंग, सुबक वाटी. आणि त्याआधी, जिथे भाग एकमेकांना घासतात तिथे बारीक पॉलिश पेपर. ते स्लाइड कानाशी धरून हळूच सरकवायचे आणि खरखर कुठून येते ते ऐकायचे. मला पटलं की ताकदीची वाट बंद झाली म्हणूनच इथली कारागिरी अशी कानांत आणि बोटांत उतरली. या छंदाला मोठं करण्यात बंधनांचा वाटा फार मोठा आहे, आणि ती बंधनं मला मान्य आहेत. बंदुकीच्या आकाराची वस्तू जपून, झाकून, मर्यादेत ठेवणाऱ्या समाजातच असं खेळणं निर्धास्त टिकतं.

आता गॅस पुन्हा बदलतो आहे. एचएफसी-१३४ए ओझोनला निरुपद्रवी असला तरी पृथ्वीला कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशे पट तापवतो. २०१६ च्या किगाली करारानंतर त्याला उतरती कळा लागली. नवा एचएफओ गॅस त्या मानानं फारच निरुपद्रवी, पण त्याचा दाबही कमी. गेल्या हिवाळ्यात तो भरला तेव्हा माझ्या पिस्तुलाची स्लाइड मागे अडकायलाच तयार नव्हती. तीन रात्री मी तरंगत्या झडपेची आणि रिकॉइलची स्प्रिंग बदलत बसले. चौथ्या रात्री ती पूर्ण मागे गेली आणि खट्कन अडकली.

नंतर सगळं पुसलं, वाटीच्या कडेवरून तेलाचं बोट फिरवलं, मॅगझिनमध्ये रबरं दाबाखाली राहावीत म्हणून थोडा गॅस ठेवला आणि पेटीला कुलूप लावलं. बोटाला उरलेलं तेल पुसायचं मात्र जरा लांबवलं.