काडतुसाची पुंगळी

काडतुसातील गोळी, दारू आणि आघाताने पेटणारी टोपी एकत्र धरणाऱ्या धातूच्या नळीस पुंगळी म्हणतात. ती बहुधा पितळेची असून तिच्यात सुमारे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असते. महाराष्ट्रात खडकी येथे १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे.

काही देशांत नेमबाज रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरतात. प्रत्येक वापरात पितळ ताठर होत जाते व अखेर पुंगळी चिरते. त्यामुळे तळावरील कारखान्याच्या ठशानुसार पुंगळ्यांचे गट करून प्रत्येक गट किती वेळा वापरला, याची नोंद ठेवली जाते. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही येतात; परवान्याशिवाय त्याची निर्मिती हा गुन्हा आहे.