सातबारा एका शेताचा, नांगर दुसऱ्यात

मागच्या सुट्टीत मुलांना गावी नेलं. आबांनी त्यांना विहिरीपाशी उभं केलं नि म्हणाले, "हे आपलं शेत." रात्री लेकीने फोनवर सातबारा काढला, गावचा नकाशा लावला आणि म्हणाली, "आबा, आपला गट तर ओढ्यापलीकडे दाखवतोय!" आबा गप्पच बसले.

तुमच्याकडेही असं असू शकतं, म्हणून लिहितेय. दोष लगेच चुलत्यांना देऊ नका, आधी थोडा इतिहास बघा.

वाटण्या होत होत एकेकाची जमीन चार दिशांना विखुरली होती. कुठे दहा गुंठे, कुठे पाच. म्हणून 1947 साली मुंबई प्रांतात तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा झाला. पुढे गावोगावी एकत्रीकरण योजना राबवली गेली. अधिकारी यायचे, खातेदारांचे जबाब घ्यायचे, तुकड्यांची अदलाबदल करून प्रत्येकाची जमीन शक्यतो एका जागी आणायचे. जुने सर्व्हे नंबर आणि हिस्से गेले, गट नंबर आले. (आजी अजूनही जुनाच नंबर सांगते ना? तो हाच.)

कागदावर हे छान होतं. पण विहीर कागदाबरोबर सरकत नाही. आंब्याचं झाड, बांध, पाण्याची पाळी, सगळं जिथल्या तिथे. त्यामुळे कित्येकांनी नवा गट नावावर घेतला आणि नांगर मात्र जुन्याच रानात चालवला. शेजाऱ्यानेही तेच केलं. दोघांचं बरं चाललं होतं, म्हणून कुणी बोललं नाही. काही ठिकाणी तर क्षेत्रच चुकलं, कुणाचं नाव गळलं. मग जमिनीला भाव आला, कुणी मोजणी आणली आणि भांडण उभं राहिलं.

इथे लोक फसतात ते असं: योजनेतली चूक दिवाणी कोर्टात दुरुस्त होत नाही, कायद्यानेच ती वाट बंद केलीय. त्यासाठी भूमी अभिलेख खात्याकडे कलम 32 खाली अर्ज करायचा. पण तीस-चाळीस वर्षांनी जाग आली तर? मुंबई उच्च न्यायालयाने निकालांत म्हटलंय की कायद्यात मुदत लिहिली नसली तरी योजनेत बदल वाजवी काळातच व्हायला हवा, आणि तो काळ साधारण तीन वर्षांचा धरलाय. म्हणजे आजोबा तेव्हा गप्प बसले, त्याची किंमत आता नातवंडं मोजणार.

एक वाट मात्र आहे. जानेवारी 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने सलोखा योजना आणली. तुमची शेतजमीन त्यांच्या ताब्यात आणि त्यांची तुमच्या, असं किमान 12 वर्षं चालू असेल आणि दोघं राजी असतील, तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क 1000 रुपये आणि नोंदणी फी 1000 रुपये. मुदत किती उरलीय ते तलाठ्यांना विचारा.

आमच्या शेजारच्या काकांना आबांनी स्वतः फोन केला. ते हसून म्हणाले, "मला माहीत होतं रे. तू कधी विचारतोस याचीच वाट बघत होतो." दोघंही ऐंशीच्या पुढचे आहेत. दिवाळीत आम्ही सह्यांसाठी जातोय.