कोकणच्या खाड्यांतील रेती : स्वामित्व आणि विश्वस्तता

पाण्याखालील रेती कोणाची, या प्रश्नाचे उत्तर मुंबई इलाख्याच्या १८७९ च्या जमीन महसूल अधिनियमाने निःसंदिग्धपणे दिले होते. त्याच्या ३७ व्या कलमान्वये समुद्राचा, बंदरांचा व खाड्यांचा भरतीरेषेखालील तळ सरकारच्या मालकीचा ठरला. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत २० व्या कलमाच्या रूपाने हीच कल्पना कायम राहिली. राज्यकर्ते बदलले, परंतु महसूल खात्याच्या लेखी रेती म्हणजे ब्रासाने मोजावयाचे उत्पन्नच राहिले. या चौकटीत वाद उद्भवला, तरी तो परवान्याचा, स्वामित्वधनाचा किंवा चोरीचा. परवानाधारकाने खाडीचा तळ किती खरवडला, हे विचारण्यास मच्छीमाराला यात कोठेच जागा नव्हती.

ती जागा प्रथम १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेने निर्माण केली. तीत दुर्मीळ खनिजांचा अपवाद वगळता किनाऱ्यावरील वाळूचे उत्खनन निषिद्ध झाले. तथापि खरा तात्त्विक पालट १९९६ च्या कमलनाथ खटल्यात झाला, असे म्हणावे लागते. वाद होता हिमाचलातील बियास नदीकाठचा. पण समुद्र व त्याचा किनारा सर्वांचा, हे जुने रोमन तत्त्व स्वीकारून सर्वोच्च न्यायालयाने राज्याला नैसर्गिक संपत्तीचा विश्वस्त ठरविले. मालकाला विकता येते. विश्वस्ताला हिशेब द्यावा लागतो.

महाराष्ट्रात हा हिशेब ‘आवाज फाउंडेशन’च्या जनहित याचिकेने मागितला, आणि सप्टेंबर २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील रेती उपशास मनाई केली. पुढे २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार खटल्यात पाच हेक्टरांहून लहान पट्ट्यांनाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरली. मोठ्या क्षेत्राचे तुकडे पाडून नियम चुकविण्याची युक्ती त्यामुळे निरुपयोगी झाली; निदान कागदावर.

मात्र मनाईची झळ सर्वांना सारखी बसत नाही. होडीतून बुडी मारून किंवा हातपाटीने रेती काढणारा आणि सक्शन पंप लावणारा, यांना एकाच मापाने मोजणे न्याय्य नव्हे. २०१९ च्या अधिसूचनेने हा भेद मान्य केला : आंतरभरती क्षेत्रातील वाळूचे दांडे पारंपरिक किनारी समाजांनीच, केवळ हाताने, ठरावीक मुदतीत व ठरावीक प्रमाणात काढावयाचे, परवाना नोंदणी झालेल्या व्यक्तीच्या नावे, दरवर्षी नूतनीकरणाचा. मात्र रात्री चालणारा पंप कोणाच्या परवान्याआड चालतो, हे अधिसूचना सांगू शकत नाही. ते पुराव्यानेच सिद्ध करावे लागते.

१८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हे उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचच्या अधिकारक्षेत्रात आले आहेत. हरित न्यायाधिकरणाचा मार्ग पुण्यास जातो. परंतु या दोन जिल्ह्यांतील खाड्यांविषयीच्या रिट याचिका आता मुंबईऐवजी घाट चढून कोल्हापुरास येतात.