आधी काम ओळखा, मग यंत्र निवडा

व्यापार म्हटला की हिशेब आला, आणि हिशेब म्हटला की आज संगणक आला. किराणा दुकानापासून सहकारी बँकेपर्यंत तो सर्वत्र पोहोचला आहे. परंतु त्या संगणकावर कोणते सॉफ्टवेअर चालवावयाचे हे कोण ठरवितो आणि कशाच्या आधारावर ठरवितो, याचा विचार आपण फारसा करीत नाही. विक्रेता येतो, पडद्यावर रंगीत तक्ते दाखवितो, किंमत सांगतो आणि मालक मान डोलावितो. सहा महिन्यांनी कपाटातील जुनी वही पुन्हा बाहेर निघते. दोष संगणकाला दिला जातो. वास्तविक दोष निवडीचा असतो.

योग्य निवड व्हावी म्हणून एक स्वतंत्र व्यवसायच जन्मास आला आहे. त्यास सिस्टिम्स अ‍ॅनालिस्ट म्हणजे प्रणाली विश्लेषक म्हणतात. वाचक बंधू-भगिनींनो, या व्यवसायाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. त्याचा एक फार जुना धागा प्रयोगशाळेत सापडत नाही. तो सापडतो चहाच्या दुकानात!

लायन्स कंपनीची कहाणी

लंडन येथे जे. लायन्स आणि कंपनी नावाची एक मोठी संस्था होती. पाव, केक, आइस्क्रीम व चहा हा तिचा धंदा. तिची दोनशेहून अधिक चहागृहे होती. तेथे येणारे गिऱ्हाईक चहा आणि एखादा बन घेई. प्रत्येक बिलामागे नफा अगदी थोडा, पण बिलांची संख्या प्रचंड. त्यामुळे हिशेबाचा खर्च वाढला तर नफाच नाहीसा व्हावयाचा. म्हणून कंपनीच्या जॉन सिमन्स या गणितज्ञ अधिकाऱ्याने कार्यपद्धतींचा अभ्यास करणारे खातेच उघडले. कोणता कागद कोठून निघतो, कोणाकडे जातो, त्याची खरोखर गरज आहे काय, हे पाहणे एवढेच त्या खात्याचे काम. ही गोष्ट १९३० च्या दशकातील. तेव्हा इलेक्ट्रॉनिक संगणक अस्तित्वातही नव्हता, हे ध्यानात घ्यावे.

१९४७ साली लायन्सचे दोन अधिकारी, थॉम्पसन व स्टँडिंगफोर्ड, कचेरीच्या कामाच्या नव्या पद्धती पाहण्यास अमेरिकेस गेले. युद्धकाळात तयार झालेल्या गणकयंत्राविषयी तेथे त्यांना कळले. प्रिन्स्टन येथे त्यांना सांगण्यात आले की, असेच यंत्र तुमच्याच देशात केंब्रिज येथे तयार होत आहे. ते परतले. लायन्सने केंब्रिज विद्यापीठातील मॉरिस विल्क्स यांच्या कार्यास ३,००० पौंडांची मदत केली आणि आपला एक माणूसही मदतीस दिला. मे १९४९ मध्ये केंब्रिजचे एडसॅक यंत्र चालू झाले. त्याच धर्तीवर लायन्सने स्वतःचे यंत्र बांधले. त्याचे नाव ‘लिओ’, म्हणजे लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस. त्यात सुमारे ६,००० व्हॉल्व्ह होते. नोव्हेंबर १९५१ पासून बेकरीतील मालाच्या मूल्याचा साप्ताहिक हिशेब लिओवर नियमितपणे होऊ लागला. इलेक्ट्रॉनिक संगणकावर व्यापारी कचेरीचे नित्याचे काम होऊ लागल्याचे हे जगातील पहिले उदाहरण मानले जाते.

विश्लेषकाचे खरे काम

लिओवर कोणते काम चढवावयाचे आणि ते कशा रीतीने, हे ठरविणाऱ्या मंडळींचे प्रमुख होते डेव्हिड कॅमिनर (१९१५-२००८). ते १९३६ साली लायन्समध्ये प्रशिक्षणार्थी म्हणून लागले होते. दुसऱ्या महायुद्धात ट्युनिशियात त्यांनी एक पाय गमावला होता. व्यापारी कामाचे पहिले सिस्टिम्स अ‍ॅनालिस्ट म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

त्यांची रीत कशी होती? चहागृहांचेच उदाहरण घेऊ. प्रत्येक चहागृहाच्या व्यवस्थापिकेस दुसऱ्या दिवशी लागणाऱ्या मालाची लांबलचक यादी भरावी लागे. एखाद्याने म्हटले असते, ‘ती यादी जशीच्या तशी यंत्रात घाला.’ तसे केले असते तर काम तेवढेच राहिले असते. फक्त कागदाऐवजी यंत्र आले असते. कॅमिनर यांच्या मंडळींनी पाहिले की, रोजची मागणी बहुतेक सारखीच असते. म्हणून प्रत्येक वारासाठी एक ठराविक मागणी यंत्राजवळ ठेवावी, आणि त्यात जो फरक असेल तेवढाच व्यवस्थापिकेने दूरध्वनीवर सांगावा, अशी योजना केली. पलीकडची मुलगी ते ऐकता ऐकताच पंच कार्डावर उतरवून घेई. १९५४ साली ही पद्धत सुरू झाली. व्यवस्थापिकेचा वेळ वाचला आणि गिऱ्हाइकांकडे लक्ष देण्यास तिला सवड मिळाली.

पगारपत्रकाची हकीकतही अशीच आहे. एका कामगाराच्या पगाराचा हिशेब करण्यास अनुभवी कारकुनास सुमारे ८ मिनिटे लागत. लिओस दीड सेकंद लागे. तरीही एका दिवसात जुनी पद्धत बंद केली नाही. काही काळ दोन्ही हिशेब शेजारी शेजारी चालविले, ताळा जमला, आणि मगच कारकुनी हिशेब थांबविला. कामगाराच्या घरी चूल पेटते ती पगारावर. त्यात चूक होऊन चालत नाही, ही जाणीव त्यामागे होती.

तयार माल बाजारात आला

प्रारंभी सॉफ्टवेअर वेगळे विकत घेण्याची चाल नव्हती. ते यंत्राबरोबर येई, अथवा कंपनी स्वतः लिहून घेई. जून १९६९ मध्ये आय. बी. एम. कंपनीने सॉफ्टवेअरची किंमत यंत्रापासून वेगळी करण्याचे जाहीर केले. त्यानंतर तयार सॉफ्टवेअरचा बाजार झपाट्याने वाढला. विश्लेषकापुढे नवा प्रश्न उभा राहिला: तयार कपडे घ्यावयाचे, की शिंप्याकडून शिवून घ्यावयाचे? आपल्या देशात १९८० च्या दशकात बेंगळुरूच्या श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या व्यापारास साजेसे हिशेबाचे सॉफ्टवेअर मिळेना. तेव्हा त्यांचे चिरंजीव भरत गोएंका यांनी ते स्वतः तयार केले. तेच पुढे ‘टॅली’ म्हणून घरोघरी पोहोचले. आपली गरज नेमकी ठाऊक असली की मार्ग निघतो, तो असा.

त्याच लंडनमधील दुसरी कहाणी

आता उलट उदाहरण पाहा. लंडनच्याच रुग्णवाहिका सेवेने, कोणती गाडी कोठे पाठवावयाची हे संगणकाने ठरवावे, असे योजिले. तयार सॉफ्टवेअर घेतले तरी सुमारे १५ लाख पौंड आणि १९ महिने लागतील, असा सल्ला तज्ज्ञांनी आधीच दिला होता. तो बाजूस पडला. सबळ कारण नसल्यास सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारावी, असा नियम होता. १० लाख पौंडांहून कमी दराची निविदा मंजूर झाली. अशा कामाचा अनुभव नसलेल्या एका लहान कंपनीकडे सॉफ्टवेअर लिहिण्याचे काम गेले. निविदांची छाननी मुख्यत्वे दोघांनी केली. एक होता कंत्राटावरील विश्लेषक. दुसरा होता सेवेतीलच व्यवस्थापक, आणि आपली जागा लवकरच दुसऱ्यास दिली जाणार हे त्यास ठाऊक होते. गाड्या चालविणाऱ्या कर्मचाऱ्यांना पुरेसे विचारलेच नाही.

२६ ऑक्टोबर १९९२ रोजी ही व्यवस्था पूर्णपणे सुरू झाली. गाड्या कोठे आहेत याची माहिती चुकू लागली. एका ठिकाणी दोन गाड्या पोहोचत, तर दुसरीकडे रुग्ण वाट पाहत राही. न मिटलेल्या सूचनांची रांग इतकी लांबली की जुन्या सूचना पडद्यावरून दिसेनाशा झाल्या. दोन दिवसांत सेवेच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. ४ नोव्हेंबरला तर यंत्रणा बंदच पडली. १९९३ साली चौकशी समितीचा अहवाल आला. निवड, नियोजन आणि प्रशिक्षण या सर्वांतील उणिवा त्यात मांडल्या आहेत. पुढे कर्मचाऱ्यांना विश्वासात घेऊन, टप्प्याटप्प्याने नवी व्यवस्था उभारण्यात आली. शहर तेच होते. फरक होता तो विचारण्याचा.

आपण काय शिकावे?

पालकहो, आपल्यापैकी कोणाची बेकरी आहे, कोणाचे यंत्रमाग आहेत, कोणाचा वाहतुकीचा धंदा आहे. उद्या सॉफ्टवेअर घेण्याची वेळ येईल तेव्हा पाच प्रश्न अवश्य विचारा. आपले काम आज नेमके कसे चालते, हे कोणी कागदावर लिहिले आहे काय? जो रोज हे काम करतो त्या मुनीमास वा कारागिरास विचारले काय? विक्रेत्याने त्याचा नमुना दाखविला की आपल्याच मागील महिन्याचा हिशेब करून दाखविला? शिकविणे, दुरुस्ती आणि पुढील बदल यांचा खर्च धरला काय? आणि हे सॉफ्टवेअर सोडावयाचे झाल्यास आपली माहिती आपल्या हाती परत येईल काय? आपल्या दीनने मशवऱ्यास केवढे महत्त्व दिले आहे, हे आपण जाणताच. पवित्र कुरआनातील एका सूऱ्याचे नावच ‘शूरा’ आहे. काम करणाऱ्याशी सल्लामसलत करणे ही दुर्बलता नसून शहाणपण आहे. जो सल्ला देतो त्याच्याकडे ती अमानत असते. म्हणूनच विक्रेत्याकडून दलाली घेणारा मनुष्य खरा विश्लेषक होऊ शकत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, या क्षेत्रात गणितात पहिला येणाराच जातो, असा समज करून घेऊ नका. मेरी कूम्ब्स यांनी फ्रेंच भाषेत पदवी घेतली होती. १९५२ साली त्या लिओवर आल्या आणि व्यापारी संगणकाच्या पहिल्या महिला प्रोग्रॅमर ठरल्या. फ्रँक लँड हे बर्लिनमध्ये जन्मलेले. १९३९ साली निर्वासित म्हणून लहानपणीच इंग्लंडमध्ये आले, अर्थशास्त्र शिकले, लायन्समध्ये कारकून म्हणून लागले आणि १९५२ मध्ये लिओकडे गेले. पुढे ते याच विषयाचे प्राध्यापक झाले. भाषा नीट ऐकणे, हिशेब समजणे, शंका निर्भयपणे विचारणे आणि ‘हे आपल्या कामाचे नाही’ असे मालकास स्पष्ट सांगणे, हेच या व्यवसायाचे भांडवल आहे. ते मुलांइतकेच मुलींजवळही आहे, आणि त्याची पायाभरणी आपल्या शाळेच्या वर्गातच होते. म्हणून पालकांनी मुलांच्या प्रश्नांना कंटाळू नये. आज घरात ‘असे का?’ म्हणून विचारणारे मूल उद्या कोणाची तरी मोठी चूक वेळीच थांबवील.