आधी कुणाला कळतं?

गेल्या महिन्यात आईकडचा माळा आवरायला काढला, त्यात जुनी कालनिर्णयं सापडली. दुधाचे खाडे, धोब्याचा हिशोब, आणि दर महिन्याला एका तारखेपाशी पेन्सिलीची बारीकशी फुली. ती कसली, हे कुठल्याही बाईला सांगावं लागणार नाही. १९७५ च्या कालनिर्णयात मे महिन्यानंतर फुल्याच नाहीत. माझा जन्म फेब्रुवारी १९७६ चा. म्हणजे पुढची कोरी पानं म्हणजे मीच!

पण जूनच्या पानावर लागोपाठच्या दोन तारखांना फुलीऐवजी "गोळ्या" असं लिहिलेलं होतं. आईला विचारलं, तर म्हणाली, "अगं, पाळी चुकली म्हणून डॉक्टरांनी दिल्या होत्या. आली तर आली, नाही आली तर दिवस गेले असं समजायचं." आणि मग जरा थांबून, "तुला कधी सांगितलं नाही."

ते "सांगितलं नाही" डोक्यातून जाईना. म्हणून वाचायला बसले. वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. पाळी लांबली की प्रश्न जुनाच असतो, काळाप्रमाणे बदलत गेलं ते एवढंच, की उत्तर आधी कुणाला कळतं.

आजीच्या काळात ते सगळ्या घराला कळायचं. "कावळा शिवला" की बाई चार दिवस बाजूला बसायची. त्यामुळे कुठल्या सुनेची तारीख कधी हे सासूबाईंना, जावांना, शेजारणीला, पोराटोरांनासुद्धा पाठ. एखादीला कावळा शिवला नाही की घरभर बोटं मोजणं सुरू. तिची स्वतःची खात्री पटायच्या आधीच डोहाळ्यांची चर्चा! आणि पाळी नुसतीच अनियमित असली, पुढच्या महिन्यात आली, की तोंडं उतरायची तीही सगळ्यांच्या देखत.

खात्री करून घ्यायची धडपड मात्र फार जुनी. प्राचीन इजिप्तमध्ये बाईने गहू आणि सातूच्या बियांवर लघवी करायची, बिया रुजल्या तर गर्भ आहे, अशी पद्धत होती. सातू आधी उगवला तर मुलगा, गहू आधी उगवला तर मुलगी. हसू नका. १९६३ साली संशोधकांनी हा प्रयोग करून पाहिला, तेव्हा गरोदर बायकांच्या बाबतीत सुमारे ७० टक्के वेळा बिया रुजल्या. मुलगा-मुलगीचं भाकीत मात्र साफ फसलं.

पहिली भरवशाची चाचणी आली १९२७ च्या सुमारास, बर्लिनमध्ये. आशहाइम आणि त्सोंडेक या दोघांनी बाईची लघवी उंदराच्या लहान माद्यांना टोचली. काही दिवसांनी त्या माद्या मारून त्यांची बीजकोशं तपासायची. गर्भ असेल तर लघवीत एक संप्रेरक असतं (आज आपण त्याला एचसीजी म्हणतो), त्याने बीजकोशं फुगतात. १९३१ साली अमेरिकेत फ्रीडमन यांनी उंदराच्या जागी ससा आणला. हॉगबेन यांच्या कामातून आफ्रिकेतली बेडकी आली. तिला टोचलं की काही तासांत ती अंडी घालायची, आणि मारावंही लागायचं नाही. एवढ्या पाळीचं उत्तर द्यायला केवढं प्राणिसंग्रहालय!

गंमत म्हणजे त्याच १९२७ च्या जुलैत मुंबईत र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं. त्याआधी १९२१ मध्येच त्यांनी संततिनियमन केंद्र काढलं होतं. बायकांना आपल्या शरीराची माहिती असावी असं उघड लिहिणाऱ्या माणसाला आपण काय वागणूक दिली, ते सर्वांना ठाऊक आहे. असो.

या सगळ्या चाचण्यांत उत्तर प्रयोगशाळेतून डॉक्टरकडे जायचं, मग बाईकडे. आणि जिथे प्रयोगशाळा हाताशी नाही तिथे गोळ्या. संप्रेरकांची मोठी मात्रा द्यायची. गर्भ नसेल तर काही दिवसांत रक्तस्राव होतो. असेल तर होत नाही. पण असेल, तर त्या गोळ्या गर्भापर्यंतही पोचल्या ना! १९६७ साली इझाबेल गॅल या ब्रिटनमधल्या डॉक्टरबाईंनी या गोळ्यांचा आणि बाळातल्या व्यंगांचा संबंध असावा अशी शंका छापली. तरी ब्रिटनमध्ये त्या १९७८ पर्यंत विकल्या गेल्या. आपल्याकडे महिला संघटना वर्षानुवर्षं भांडल्या, तेव्हा १९८८ मध्ये बंदी आली. व्यंगं त्यांनीच झाली का, यावर एकमत नाही. २०१७ च्या ब्रिटिश तज्ज्ञसमितीला ठोस संबंध दिसला नाही. २०२० च्या तिथल्याच दुसऱ्या अहवालाने मात्र १९६७ मध्येच त्या थांबवायला हव्या होत्या असं म्हटलं.

त्याच १९६७ मध्ये न्यू जर्सीतल्या ऑर्गनॉन कंपनीत मार्गारेट क्रेन नावाची मुलगी सौंदर्यप्रसाधनांची वेष्टनं करायला नोकरीला होती. प्रयोगशाळेत तिला आरशावर टांगलेल्या परीक्षानळ्या दिसल्या. नळीच्या तळाशी लालसर कडं उमटलं की गर्भ आहे. तिच्या मनात आलं, एवढंच तर आहे, मग हे बाईने घरी का करू नये? तिने प्लास्टिकच्या डबीत नळी, ड्रॉपर आणि आरसा बसवला. कंपनीला कल्पना पसंत नव्हती. गिऱ्हाईक डॉक्टर, त्यांना दुखवायचं कसं? तरी १९७१ मध्ये कॅनडात तो संच विकायला आला, अमेरिकेत १९७७ मध्ये. पेटंटच्या हक्कांबद्दल तिच्या नावावर एक डॉलर लावला गेला. २०१५ साली तिचा मूळ नमुना स्मिथसोनियन संग्रहालयाने लिलावात ११,८७५ डॉलरला घेतला.

आज औषधांच्या दुकानात पट्टी मिळते, खेड्यात आशाताईंकडे सरकारी 'निश्चय' किट असतो. पट्टी काय सांगते तर एचसीजी आहे की नाही, एवढंच. फार लवकर केली तर चुकू शकते, म्हणून पाळी येतच नसेल तर आठवड्याने पुन्हा करावी. आणि पाळी लांबली म्हणजे दिवसच गेले असंही नाही. थायरॉईड, पीसीओएस, वजन, ताण, अंगावर पाजणं, कारणं पुष्कळ. वारंवार होत असेल तर डॉक्टर गाठावा, स्वतः गोळ्या घेऊ नयेत.

आईला हे सगळं वाचून दाखवलं. गोळ्यांवरच्या शंका तिने नंतर वर्तमानपत्रात वाचल्या होत्या. त्यानंतर मी साधी ठेचकाळले तरी तिच्या पोटात गोळा यायचा म्हणे. मला काही झालं नाही. पण एवढी वर्षं तो घोर तिने एकटीने वाहिला. बाबांनाही सांगितला नाही.

"तेव्हा ती पट्टी असती तर?" मी विचारलं.

"तर तू आहेस हे सगळ्यात आधी मला कळलं असतं," ती म्हणाली, "आणि मग गोळ्यांना हात कशाला लावला असता?"

ते कालनिर्णय मी घरी घेऊन आले आहे.